घाटवाटेवरचा पोशाख : दाम आणि काम



साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांच्या पंगतीत हे फटफटीवाल्यांचे पान कोणी मांडले, असे येथील काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल. शंका रास्त आहे. पण आषाढातल्या कोणत्याही रविवारी सकाळी रंकाळ्यावरून फुलेवाडीकडे जाऊन पाहावे. गगनबावड्याच्या दिशेने मोटारसायकलींची रांग लागलेली असते. कोणी फोंडा घाटाकडे वळतो, कोणी आंबोलीला जातो, कोणी मसाई पठाराची कच्ची वाट धरतो. उन्हाळा सरत आला की यांतलेच काही जण लडाखची बांधाबांध करू लागतात. ही मुले आपल्याच घरांतली आहेत आणि आता मुलीही आहेत. गाडीचा हप्ता ज्या घरातून जातो, त्याच घरातून जाकीट आणि बुटांचे पैसेही जायचे असतात. तेव्हा कोणत्या वस्तूला किती दाम मोजावा आणि तिच्याकडून कोणते काम घ्यावे, हा प्रश्न एका तरुणाच्या हौसेपुरता उरत नाही. तो घरखर्चाचा होतो आणि क्वचित घराच्या सुखदुःखाचाही होतो.

पूर्वी लोक गाडी घेऊन आडवाटेला जात नसत असे मुळीच नाही. राजदूत, जावा आणि बुलेट यांनी खेड्यापाड्यांतल्या सगळ्या पाणंदी पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून चिखलातून रोज गाडी काढणाऱ्या दूधवाल्याला साहसाचे धडे आपण काय देणार? पण डांबर सोडून जाण्यासाठीच घडवलेली, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गाडी आपल्याकडे अलीकडची. २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन आली आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. त्यांच्यामागोमाग खास पोशाखाची दुकानेही आली. दुकानात गेलेला मनुष्य गोंधळतो तो इथे. एकाच रंगाची, एकाच घाटाची दोन जाकिटे शेजारी टांगलेली असतात आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट असते. विक्रेता म्हणतो, "साहेब, क्वालिटीचा फरक आहे." हा फरक नेमका कशात असतो, तो डोळ्यांनी आणि हातांनी कसा ओळखावा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

त्यासाठी मनुष्य गाडीवरून पडतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. पडण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग आदळण्याचा. स्वाराचे शरीर जमिनीपासून साधारण सवा मीटर उंचीवर असते. गाडी ताशी वीसने चाललेली असो वा ऐंशीने, ही उंची तेवढीच राहते. सवा मीटरवरून खाली येणारी वस्तू जमिनीला लागताना तिचा वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर असतो. म्हणजे केवळ आदळण्याचा विचार केला तर सावकाश पडणारा आणि वेगात पडणारा यांच्या खांद्याला, कोपराला, गुडघ्याला बसणारा दणका जवळजवळ सारखाच. दुसरा भाग घसरण्याचा, आणि तो मात्र सर्वस्वी वेगावर अवलंबून आहे. कपडा आणि डांबर यांचा घर्षणांक ०.७ धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला स्वार सुमारे २० मीटर घसरतो आणि त्याला थांबायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. वेग निम्मा केला की अंतर चौथाईवर येते, पाच मीटर. वाटेत दगड, कठडा किंवा समोरून येणारी एस.टी. आली तर हिशेब निराळा. तिथे कापडाचे काही चालत नाही, हे कबूल केले पाहिजे.

तर पोशाखाचे काम या दोन-अडीच सेकंदांपुरते आहे. आदळताना दणका पसरवायचा आणि घसरताना कातडी शाबूत ठेवायची. साधी सुती जीन पँट डांबरावर सेकंद-दीड सेकंदाच्या आतच भोक पाडून घेते. उरलेला सेकंद मग कातडीने मोजायचा असतो.

कोणी म्हणेल, ही सारी कागदावरची गणिते झाली. प्रत्यक्ष काय दिसते? सुदैवाने या विषयात मोजणी करणारी माणसे होऊन गेली. १९३५ च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात मोटारसायकलीच्या अपघातात सापडला आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनाला लागला. पुढे महायुद्धात निरोप नेणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने मरत होते. केर्न्स यांनी त्या मृत्यूंची मोजदाद केली आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शिरस्त्राणाच्या महत्त्वावर निबंध लिहिला. त्याच वर्षाअखेरीस ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेटसक्ती म्हटली की आपल्याकडे भुवया चढतात. पण ती कल्पना कोण्या पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती एका डॉक्टरच्या हिशेबाच्या वहीतून निघाली आहे. हेल्मेटविषयी येथे अधिक बोलत नाही. आय.एस. ४१५१ चा आय.एस.आय. शिक्का असल्याखेरीज दुचाकीचे हेल्मेट विकणे १ जून २०२१ पासून आपल्या देशात बेकायदा आहे. शिक्का पाहावा, डोक्याला घट्ट बसते का ते पाहावे, हनुवटीखालचा पट्टा लावावा आणि जुने, पडलेले हेल्मेट कोणी फुकट दिले तरी घेऊ नये.

डोक्याखालच्या शरीराचे काय? त्याची मोजणी बऱ्याच उशिरा झाली. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशात लिझ द रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातात सापडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांची पाहणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मोटारसायकलीसाठी बनवलेले जाकीट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा संभव न घातलेल्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी निघाला, तशी पँट घातलेल्यांत ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांत ५९ टक्क्यांनी. हे आकडे खिशाच्या भाषेत वाचून पाहा. सगळ्यांत महाग वस्तू जाकीट, पण या पाहणीत सर्वांत मोठा फरक दिसला तो सगळ्यांत स्वस्त अशा हातमोज्यांत. आपली मुले मात्र आधी जाकीट घेतात, कारण छायाचित्रात तेच दिसते.

त्याच पाहणीत दुसरी एक गोष्ट आढळली, तीही सांगायला हवी. अपघातात सापडलेल्या खास मोटारसायकलीच्या जाकिटांपैकी जवळजवळ ३० टक्के, पँटींपैकी २८ टक्के आणि हातमोज्यांपैकी सुमारे २६ टक्के फाटून किंवा उसवून निकामी झाले होते. म्हणजे 'रायडिंग जाकीट' अशी नुसती चिठ्ठी लावल्याने जाकीट रायडिंगचे होत नाही. आणि तिसरी गोष्ट पायांची. मोटारसायकलीसाठी न बनवलेले, पण घोट्याच्या वर येणारे साधे भक्कम बूटसुद्धा पळण्याच्या किंवा रोजच्या जोड्यांशी तुलना करता इजेचा धोका निम्म्याहून कमी करतात, असे दिसून आले. थोडे पैसे असलेल्या माणसाला इतकी दिलासा देणारी दुसरी ओळ मी या विषयात वाचलेली नाही.

आता मी पायांवर थोडा रेंगाळणार आहे. आपल्या घाटवाटांवर, जांभ्याच्या वाटांवर आणि चिखलात जे पडणे होते, ते बहुतेक हळू वेगातले असते. वळणावर खडी असते, उतारावर शेवाळ असते, ओढ्यातला दगड हलतो. गाडी एका बाजूला कलते आणि स्वार सवयीने पाय टेकवतो. सामान धरून दोनशे किलोंच्या पुढे जाणारी गाडी मग त्या पायावर येते. येथे घसरण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न चिरडण्याचा आणि पिळवटण्याचा असतो. पाय जमिनीत रुतलेला, गाडी पुढे सरकणारी, आणि मध्ये घोटा. नडगीच्या खालच्या भागावर मांस जवळजवळ नाही. हाड कातडीच्या लगेच खाली असते आणि तेथे रक्तपुरवठाही बेताचा, म्हणून तेथले मोडलेले हाड कातडी फोडून बाहेर येते आणि जुळायला महिनेच्या महिने घेते. उदरनिर्वाहासाठी दिवसभर उभे राहावे लागणाऱ्या माणसाचे सहा महिने म्हणजे काय, हे मी सांगायला नको. म्हणून माझे मत असे की, आडवाटेला जाणाऱ्याने हेल्मेटनंतरचा पहिला मोठा खर्च बुटांवर करावा, जाकिटावर नव्हे.

चामडे आणि पादत्राण यांत कोल्हापूरच्या माणसाला शहाणपण शिकवावे लागू नये. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची असते, आणि खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवलेली असते. अशी चप्पल पारखणारा मनुष्य काय पाहतो? तळ किती जाड, थर एकमेकांना कसे बसले आहेत, शिवण कुठे आहे, वाकवल्यावर कुठे वाकते. तीच नजर बुटाला लावायची. मात्र चप्पल स्वतः या कामाची नाही, हेही येथेच सांगतो. ती बोटे, टाच आणि घोटा तिन्ही उघडे ठेवते आणि घाटातल्या पावसात भिजून जड होते. गावात मिरवायला तिच्यासारखी दुसरी नाही. गिअरच्या दांडीवर तिने जाऊ नये.

दुकानात बूट हातात घेतला की प्रथम तो दोन्ही बाजूंनी, रुंदीच्या अंगाने, तळव्याच्या मध्यावर जोरात दाबावा. तो पन्हाळीसारखा मिटला तर ठेवून द्यावा, कारण गाडीखाली सापडल्यावर तो तसाच मिटणार आहे. मग टाच आणि चवडा धरून कपडा पिळतो तसा पिळून पाहावा. थोडा पीळ घेणारच, पण सहज वळला तर त्यात आतली पट्टी नाही. तिसरे, घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक कवच किंवा जाड गादी आहे का, आणि ती नेमकी आपल्याच घोट्यावर येते का, ते पाय घालून पाहावे. चौथे, उंची. घोटा झाकणारा बूट कामाचा, पण अर्ध्या नडगीपर्यंत येणारा त्याहून पुष्कळ चांगला. युरोपातल्या ई.एन. १३६३४ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बुटाच्या आत मोटारसायकलस्वाराचे चित्र असते आणि त्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. ते अनुक्रमे उंची, घर्षण, कापले जाणे आणि रुंदीच्या अंगाने दाबले जाणे यांचे. आपल्या कामाला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आय-पी-ए ही अक्षरे असतील तर घोट्यावरचे संरक्षकही तपासलेले आहे असे समजावे, आणि आय-पी-एस असेल तर नडगीवरचेही.

स्पर्धेतल्या स्वारांचे गुडघ्यापर्यंतचे, अंगठ्यापासून टाचेपर्यंत कडक असलेले बूट पाहून पुष्कळांना मोह होतो. २०१५ च्या डाकार शर्यतीत बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी ३६ वा क्रमांक मिळवला आणि ती शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. तसल्या वाळवंटात तसलेच बूट हवेत. पण ते घालून पन्हाळ्याच्या पायऱ्या चढून पाहाव्यात किंवा फसलेली गाडी चिखलातून दोन फर्लांग ढकलून पाहावी. दहा मिनिटांत मनुष्य बूट काढून हातात घेईल, आणि काढलेला बूट कोणाचेच रक्षण करत नाही. भ्रमंती करणाऱ्याला चालता येईल असा, पण मिटणार नाही असा मधला बूट पाहिजे. लांब बंद असतील तर ते आत खोचण्याची सोय हवी. गिअरच्या दांडीत अडकलेल्या बंदामुळे थांबलेली गाडी आडवी झाल्याचे प्रकार नवीन नाहीत.

ज्यांना एवढेही परवडत नाही त्यांनी काय करावे? शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे कारखान्यातले सुरक्षा-बूट घालून गाडी चालवताना दिसतात. आय.एस. १५२९८ चा शिक्का असलेला हा बूट बोटांचे रक्षण उत्तम करतो, कारण त्याच्या टोकात पोलादी किंवा तसलीच वाटी असते. त्याचा उंच गळ्याचा प्रकार घ्यावा. घोट्याला तो खास बुटाइतका आधार देत नाही आणि जाड टोक गिअरच्या दांडीखाली जाते की नाही, हे आधी बसून पाहावे लागते. तरीही कॅनव्हासच्या जोड्यांपेक्षा तो शतपट बरा. शेतातला गमबूट पाणी अडवतो, बाकी काही नाही. तो पाय सोडून निघूनही जातो.

बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्यावेत. दिवसभरात पाय किंचित फुगतो. शिवाय जन्मभर चप्पल वापरलेला आपला पाय चवड्याला रुंद असतो आणि परदेशी साच्यात तो कोंबला जातो. लांबीचा आकडा बरोबर आला तरी रुंदी सोसत नसेल तर तो बूट आपला नव्हे.

जाकीट आणि पँट यांच्याबाबतीत आपल्याला इचलकरंजीचा शेजार उपयोगी पडावा. धाग्याचा जाडपणा 'डेनियर'मध्ये मोजतात, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये. दुकानदार '६०० डेनियर' असे सांगून मोकळा होतो. पण आकडा हा अर्धाच हिशेब आहे. धागा साध्या पॉलिएस्टरचा की चिवट नायलॉनचा, वीण किती घट्ट, हे त्याने सांगितलेले नसते. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही घर्षणाच्या उष्णतेने वितळतात, म्हणून जाकिटाच्या आत सुती बनियन-शर्ट असावा, अंगालगत निव्वळ कृत्रिम धागा असू नये. आणि शंभरांतले नव्वद लोक जे पाहत नाहीत ते शिवणीत असते. खांदा आणि कोपर इथली शिवण उलटी करून पाहावी. एकच ओळ टाक्यांची असेल तर कापड कितीही भारी असले तरी ते आधी उसवेल. दोन किंवा तीन ओळी, त्यांतली एक आत दडलेली, असे असावे. चामड्याचे जाकीट घेणाऱ्याने जाडी १.२ मिलिमीटरच्या खाली घेऊ नये. पण एप्रिलच्या उन्हात ते अंगावर किती दिवस राहील, याचा विचार आधी करावा.

आतल्या चिठ्ठीवर ई.एन. १७०९२ असेल तर पुढची अक्षरे वाचावीत. तीन ए सर्वांत कणखर, मग दोन ए, मग एक ए. बी म्हणजे कापड घर्षण सोसेल पण आत गाद्या नाहीत. सी म्हणजे नुसत्या गाद्या धरून ठेवणारे जाळीचे वस्त्र. आपल्या हवेत आणि घाटातल्या वेगात दोन ए पुरेसे आहे. या वर्गाचे हवेशीर जाकीट तीन एच्या कोंदट जाकिटाहून मला पसंत आहे, कारण ते वैशाखातही अंगावर राहते. आतल्या गाद्यांचे मानक निराळे, ई.एन. १६२१. पाच किलोचे वजन साधारण एका मीटरवरून गादीवर टाकतात आणि पलीकडे किती दणका पोचतो ते मोजतात. कोपर-गुडघ्यांसाठी पहिल्या पातळीची गादी सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जाऊ देते, दुसरी २० पर्यंत. पाठीला हेच आकडे १८ आणि ९ आहेत. स्वस्त जाकिटात लबाडी होते ती पाठीत. खांद्या-कोपरांना शिक्क्याच्या गाद्या घालतात आणि पाठीच्या खिशात पॅकिंगचा साधा फोम सारून देतात. तेव्हा पाठीची गादी बाहेर काढून तिच्यावरचा शिक्का पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि जाकीट घालून कोपर वाकवून कोणाला तरी बाही फिरवायला सांगावी. गादी कोपरावरून सरकली तर ती तिथे नसल्यातच जमा.

हातमोज्यांचे थोडक्यात. पडताना मनुष्य तळहात पुढे करतो. म्हणून मनगटाजवळ तळव्याच्या गादीवर घसरणारा कडक तुकडा असावा आणि मनगटाचा पट्टा आवळल्यावर दुसऱ्या हाताने ओढून मोजा निघता कामा नये. निघाला तर रस्त्यावर तो आपल्याआधी पुढे जाईल.

राहिला पाऊस. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे जाकिटाच्या आतले पाणीरोधक अस्तर अंग कोरडे ठेवते खरे, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि वाऱ्याने थंडगार पडते. घाटाच्या माथ्यावर हात काकडतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. त्याऐवजी साधे जाकीट घेऊन वरून घालायचा निराळा, ढगळ रेनकोट ठेवावा. तो स्वस्त पडतो, फाटला तर एकटाच बदलता येतो आणि भडक पिवळ्या रंगाचा मिळतो. रंगाची ही गोष्ट किरकोळ नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकदार किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी आढळला. करूळ घाटातल्या धुक्यात काळे जाकीट, काळे हेल्मेट आणि काळी गाडी असा थाट करून जाणाऱ्यांची मला नेहमी चिंता वाटते. रस्त्याची कामे करणारे मजूर घालतात तसली चमकदार बंडी काही शेकड्यांत मिळते. साऱ्या पोशाखात एवढ्या पैशांत एवढे काम करणारी दुसरी वस्तू नाही.

किंमत ठरवताना माझी पद्धत अगदी वाण्याची आहे. समजा, एक बूट आठ हजारांचा आहे आणि तो वर्षातून पन्नास दिवस, चार वर्षे वापरला जाईल. म्हणजे दिवसाला चाळीस रुपये. दुसरा तीन हजारांचा, पण एका पावसाळ्यात तळ सुटणारा. त्याचे पन्नासच दिवस धरले तर दिवसाला साठ. पहिला बूट स्वस्त ठरतो, पण एका अटीवर. तो खरोखर पन्नास दिवस पायात गेला पाहिजे. वीस हजारांचा बूट जड म्हणून कपाटात राहिला तर त्याचा दर काढायला भागाकारच चालत नाही.

चार वर्षे टिकवायचे तर सांभाळही हवा. घाटातून आल्यावर चिखल ओल्या फडक्याने पुसावा, आतला तळ काढून निराळा वाळत टाकावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते तासा-दोन तासांनी बदलावेत. भर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, चामडे तडकते आणि तळाचा चिकटा सुटतो. वाळल्यावर चामड्याला मेण किंवा तेल हलक्या हाताने द्यावे. शिवलेला तळ असेल तर झिजल्यावर सुभाषनगरमधला किंवा चप्पल लाईनजवळचा जाणता कारागीर तो बदलून देऊ शकतो, नुसता चिकटवलेला तळ पुष्कळदा पुन्हा नीट धरत नाही. घेतानाच दुकानदाराला विचारावे, याची बक्कले सुटी मिळतात का? पहिल्यांदा तुटते ते बक्कलच, आणि ते गुडघ्याएवढ्या चिखलात तुटते.